कापला, पण भरलाच नाही

बाई आम्हाला शाळेत गणित शिकवायच्या. वजाबाकीत हातचा विसरला की त्या फळ्याकडे पाठ न वळवता नुसतं नाव घ्यायच्या. गेल्या नोव्हेंबरात त्या नारायण पेठेतल्या माझ्या कचेरीत आल्या आणि आयकर खात्याचा ईमेल छापलेला कागद टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे बघ. साठ हजार भाडं. त्यातून सहा हजार त्याने कापले, माझ्या हातात आले चौपन्न. आता हे म्हणतात, छत्तीस हजार भरा. कापलेले पैसे मी परत का भरायचे? कुठला हातचा राहिला?"

हातचा राहिला होता भाडेकरूच्या खिशात. कोथरूडला मुख्य रस्त्यावर बाईंचा गाळा आहे, तिथे एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा क्लास चालतो. कंपनीने एप्रिल 2024 ते मार्च 2025 अशी बारा महिने न चुकता भाड्यातून टीडीएस, म्हणजे बाईंच्या नावचा आयकर, कापला. पण पहिल्या सहा महिन्यांचाच सरकारात भरला. पुढच्या सहा महिन्यांचे 36,000 रुपये कापले आणि वापरून टाकले. बाईंनी विवरणपत्रात 72,000 रुपयांचं श्रेय मागितलं, म्हणजे एवढा कर आधीच गेलाय असं दाखवलं, खात्याच्या नोंदीत 36,000च दिसले, आणि बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातल्या संगणकाने फरकाची मागणी काढली.

पुण्यात निवृत्तीचा आधार म्हणून गाळा किंवा दुसरा फ्लॅट भाड्याने दिलेली घरं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे ही तक्रार घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी येतंच. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवातीला एकच गल्लत झालेली असते: कर कापणं आणि कर भरणं ही त्यांना एकच गोष्ट वाटते. कायद्याच्या दृष्टीने त्या दोन आहेत, आणि या दोन्हींच्या पुढे तिसरीही एक आहे.

भाडेकरू भाडं देताना त्याचा काही भाग तुमचा आयकर म्हणून बाजूला ठेवतो, ही झाली कपात. तो भाग चलनाने सरकारच्या खात्यात जातो, हा झाला भरणा. पण त्या चलनावर तुमचं नाव नसतं, पॅनही नसतो. असतो फक्त भाडेकरूचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक. ते पैसे तुमचे आहेत हे सरकारला कळतं ते भाडेकरू दर तिमाहीला 26क्यू नावाचं विवरणपत्र भरतो आणि त्यात तुमच्या पॅनसमोर रक्कम लिहितो तेव्हा. ही तिसरी पायरी झाली की तुमच्या फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या खात्याकडच्या उताऱ्यात, नोंद उमटते. म्हणूनच भाडेकरूने व्हॉट्सअपवर चलनाचा फोटो पाठवला म्हणून निर्धास्त होऊ नका. पैसे सरकारात पोचले असतील, तुमच्या नावावर पोचलेत असं नाही.

कंपन्या आणि भागीदारी संस्थांना, तसंच आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर किंवा व्यवसायाची जमा पन्नास लाखांच्या वर गेलेल्या व्यक्तींना कलम 194-आय लागू होतं. जागेच्या भाड्यावर 10 टक्के, पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरणा, मार्चचा मात्र 30 एप्रिलपर्यंत. पूर्वी वर्षाला 2,40,000 रुपयांच्या वर भाडं गेलं की कपात व्हायची. 1 एप्रिल 2025 पासून ती मर्यादा महिन्याला 50,000 झाली. भाड्यावर जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्या भागावर टीडीएस नाही.

घरभाड्याचं गणित निराळं. बाणेरला किंवा कल्याणीनगरला महिना पन्नास हजारांच्या वर भाडं देणारं नोकरदार जोडपं 194-आयबीत येतं. टॅन लागत नाही, दर महिन्याची कपात नाही. वर्षातून एकदा, मार्चमध्ये किंवा जागा सोडायच्या महिन्यात, कर कापायचा आणि तो महिना संपल्यापासून 30 दिवसांत फॉर्म 26क्यूसी भरायचा. दर आधी 5 टक्के होता, 1 ऑक्टोबर 2024 पासून 2 टक्के आहे. इथे लबाडीपेक्षा विसरभोळेपणा जास्त. मार्चचं भाडं कापून दिलं, एप्रिलमध्ये बंगळुरूला बदली झाली, सामान बांधायच्या गडबडीत फॉर्म राहून गेला. आणि पुण्यातलं एक हमखास प्रकरण: फ्लॅट अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर, भाडं इथे आईबाबा घेतात. मालक अनिवासी असेल तर पन्नास हजारांची सूट नाही, पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि वर उपकर असा टीडीएस भाडेकरूने कापायचा असतो. भाडेकरूला हे बहुधा कोणी सांगतच नाही.

(कलमांचे आणि फॉर्मचे हे क्रमांक 1961च्या आयकर कायद्याच्या वेळचे. 1 एप्रिल 2026 पासून 2025चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत. पण बाईंचं प्रकरण 2024-25चं, त्याला जुनाच कायदा लागतो.)

आता बाईंचा प्रश्न. कापलेले पैसे पुन्हा त्यांनी भरायचे का?

नाही. जुन्या कायद्याच्या कलम 205 मध्ये हे स्पष्ट आहे: उत्पन्नातून जेवढा कर कापला गेला, तेवढा कर त्या माणसाकडे पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये एका पगारदाराच्या प्रकरणात हेच सांगितलं. मालकाने पगारातून कर कापला आणि सरकारात भरला नाही, तर खात्याने मालकाला गाठावं, नोकराला नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही जून 2015 मध्ये अधिकाऱ्यांना सूचना दिली आणि मार्च 2016 मध्ये पुन्हा बजावलं की अशा फरकापोटी करदात्याकडून सक्तीने वसुली करू नका. तरी संगणक मागणी काढतोच, कारण श्रेय देण्याचा नियम नोंदीवर चालतो. नोंद नाही तर श्रेय नाही. परिणामी एक विचित्र अवस्था तयार होते. मागणी पडद्यावर दिसते, वसूल करता येत नाही, पण पुढच्या वर्षीचा परतावा मात्र तिच्यात गडप व्हायला बघतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं की परतावा असा वळता करणं म्हणजे मागच्या दाराने वसुलीच झाली, तेही चालणार नाही. न्यायालयात जाऊन कोण भांडणार, हा प्रश्न आहेच. म्हणून आलेल्या मागणीला वेळेत उत्तर देणं फार महत्त्वाचं.

मात्र हे सगळं संरक्षण एका शब्दावर उभं आहे: कापला. भाडेकरूने कर कापलाच नसेल, नुसतं भाडं कमी दिलं असेल किंवा पूर्ण भाडं देऊन टीडीएसचा विषयच काढला नसेल, तर कलम 205चा काही उपयोग नाही. तेव्हा कर तुमचा तुम्हीच भरायचा. कापला हे सिद्ध करायची जबाबदारीही व्यवहारात तुमच्यावरच येते, कारण ज्याने कापला त्याने कुठेच लिहिलेलं नसतं.

मी बाईंना विचारलं, कापल्याचा काही पुरावा? त्यांनी पिशवीतून वही काढली. दर महिन्याची तारीख, आलेली रक्कम, पुढे "क. 6000". वही चांगली, पण ती त्यांच्याच हातची. बँकेच्या उताऱ्यात फक्त 54,000 दिसत होते. भाडं 60,000 असल्याचं नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात होतं, टीडीएस कापून भाडं देण्याचं कलमही होतं. एवढ्यावर भागलं असतं, पण घट्ट झालं नसतं. मग त्या म्हणाल्या, "तो मुलगा दर महिन्याला मेसेज करायचा, तो चालेल का?" फोनमध्ये सहाच्या सहा महिन्यांचे मेसेज होते: भाडं 60000, वजा टीडीएस 6000, जमा 54000. क्लासच्या हिशेबनिसाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कबुलीच ती. पुराव्याची चिंता माझ्यासाठी तिथेच संपली.

ज्यांचे भाडेकरू असे मेसेज करत नाहीत त्यांनी दर महिन्याला भाड्याची पावती द्यावी आणि तिच्यावर एकूण भाडं, टीडीएस आणि हाती आलेली रक्कम हे तिन्ही आकडे लिहावेत. ईमेलने पाठवली तर आणखी छान, तारीख आपोआप राहते. भाडेकरूने "मिळाली" एवढं जरी उत्तर दिलं तरी काम होतं.

विवरणपत्र भरताना अनेकजण वेगळीच चूक करतात. हातात 54,000 आले म्हणून तेच भाडं दाखवतात. कापलेला कर हेही तुमचंच उत्पन्न आहे, त्यामुळे दाखवायचे पूर्ण 7,20,000. त्यातून महानगरपालिकेला स्वतः भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट, बाकी करपात्र. श्रेयही भाडेकरूचा टॅन लिहून पूर्ण 72,000चं मागायचं. टॅन जुन्या तिमाहीच्या नोंदीत मिळतो, नाहीतर आयकराच्या संकेतस्थळावर नावावरून शोधता येतो. 26एएसमध्ये दिसतं तेवढंच श्रेय मागून फरकाचा कर मुकाट्याने भरणारेही आहेत. रक्कम दोन-चार हजारांची असेल आणि भाडेकरू गाव सोडून गेला असेल तर मीही तेच सुचवतो. मनस्तापाचीही काही किंमत असते. छत्तीस हजारांसाठी मात्र तसं सुचवत नाही.

मागणी आली की संकेतस्थळावर थकीत मागणीच्या पानावर जाऊन "असहमत" हा पर्याय निवडायचा आणि करार, बँकेचा उतारा, मेसेज असं सगळं जोडायचं. कागदावर मुदत 30 दिवसांची असते, त्यानंतर दरमहा 1 टक्का व्याज चढायला लागतं. घाबरून आधी भरू नका. भरलेला पैसा परत मागणं हे न भरलेल्या मागणीला विरोध करण्यापेक्षा फार कष्टाचं. बाई साठीच्या पुढच्या, धंद्याचं उत्पन्न नाही, म्हणून त्यांना आगाऊ कराचं व्याज लागलं नाही. तरुण मालकाच्या मागणीत तेही मिसळलेलं असतं.

हे झालं खात्याशी. खरा तिढा भाडेकरूशी असतो.

क्लासच्या संचालकांना बाईंनी तीनदा फोन केला होता. "काकू, आमचे सीए बघतायत," हे उत्तर तिन्ही वेळा. अशा माणसाला नीतीची भाषा कळत नाही, हिशेबाची कळते. म्हणून आम्ही एक पत्र लिहिलं. धमकी नव्हती, नुसती बेरीज होती.

कापून न भरलेल्या करावर दरमहा दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. ऑक्टोबर 2024 मध्ये कापलेले 6,000 डिसेंबर 2025 मध्ये भरले तर पंधरा महिने मोजले जातात, व्याज 1,350. सहा हप्त्यांचं मिळून 6,750. तिमाही विवरणपत्र उशिरा भरलं तर दिवसाला 200 रुपये शुल्क, पण त्या तिमाहीच्या टीडीएसपेक्षा जास्त नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीचं विवरणपत्र 31 जानेवारी 2025 पर्यंत हवं होतं, शेवटच्या तिमाहीचं 31 मेपर्यंत. दोन्हींचं शुल्क केव्हाच कमाल मर्यादेला टेकलं होतं: विवरणपत्रात एवढंच एक भाडं असेल तर प्रत्येकी 18,000. म्हणजे 36,000च्या करावर 42,750 वरखर्च. पण संचालकांना हलवणारा आकडा हा नव्हता. कापलेला कर कंपनीने स्वतःचं विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत जमा केला नाही, तर त्या भाड्याचा 30 टक्के भाग त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही. सहा महिन्यांचं भाडं 3,60,000, त्याचे 30 टक्के 1,08,000. तेवढा नफा कागदावर वाढणार आणि त्यावर कर लागणार. त्या वर्षी लेखापरीक्षण होणाऱ्यांची मुदत 10 डिसेंबर 2025 पर्यंत वाढलेली होती. आमचं पत्र नोव्हेंबरच्या अखेरीस पोचलं.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की ठरावीक तारखेपर्यंत भरणा दिसला नाही तर टीडीएस विभागाच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करू. पुण्यात टीडीएससाठी वेगळे आयकर आयुक्त आहेत. भाडेकरूचा टॅन ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत येतो त्याच्याकडे अर्ज जातो. साध्या मराठीत लिहिलेला एक पानाचा अर्ज, करार आणि पुरावे एवढं पुरतं. अधिकारी भाडेकरूला कसूरदार ठरवून त्याच्याकडून कर आणि व्याज वसूल करू शकतो. कापलेला कर न भरणं हा तेव्हा कलम 276बीखाली तीन महिने ते सात वर्षं सश्रम कारावासाचा गुन्हाही होता. छत्तीस हजारांसाठी लगेच कोणी येरवड्याला जात नाही, हे बाईंनाही कळतं आणि संचालकांनाही. पण कंपनीच्या सीएला ते कलम वाचून झोप लागत नाही, एवढं मी धंद्यातल्या माणसाच्या अनुभवावरून सांगतो.

दरम्यान बाईंच्या भाच्याने सुचवलं, डिपॉझिट आहे ना आपल्याकडे, त्यातून वळते करून घे छत्तीस हजार आणि सोडून दे. सल्ला वाईट नाही, पण त्यात एक खाच आहे. ते पैसे तुम्ही राहिलेलं भाडं म्हणून वसूल केले, की कपात उरतच नाही. तुम्हाला पूर्ण भाडं मिळालं. मग त्या रकमेच्या टीडीएसचं श्रेय मागता येत नाही, कर स्वतः भरायचा. भाडेकरूकडूनही घेतलं आणि सरकारकडेही मागितलं असं केलं तर चूक तुमच्या पदरात. शिवाय करारात तसं कलम नसेल तर भाडेकरू डिपॉझिटच्या कपातीवरून वेगळं भांडण उकरतो. करार नव्याने करताना दोन वाक्यं आवर्जून घाला: प्रत्येक तिमाहीनंतर ठरलेल्या मुदतीत फॉर्म 16ए द्यायचा, आणि तो न दिल्यास कापलेली रक्कम थकीत भाडं समजून अनामतीतून वळती करायचा मालकाला अधिकार राहील.

फॉर्म 16ए म्हणजे कर कापल्याचा दाखला. तो ट्रेसेस या सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा लागतो. एक्सेलमध्ये बनवून, सही-शिक्का मारून दिलेला कागद कितीही रुबाबदार असला तरी उपयोगाचा नाही. भाडेकरूने तिमाहीचं विवरणपत्र भरल्याशिवाय खरा 16ए निघतच नाही, म्हणून तो हातात आला की तिन्ही पायऱ्या झाल्या असं समजायचं. शेवटच्या तिमाहीचा दाखला 15 जूनपर्यंत मिळायला हवा. एप्रिलमध्येच विवरणपत्र भरून मोकळं व्हायची घाई असते काहींना. भाड्यावर टीडीएस असेल तर जूनच्या मध्यापर्यंत थांबा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्लासने सगळे पैसे भरले, व्याजासकट. काही दिवसांनी बाईंच्या 26एएसमध्ये तिसऱ्या तिमाहीचे 18,000 दिसले. चौथ्या तिमाहीचे दिसेनात. क्लासचा हिशेबनीस शपथेवर सांगत होता की भरले. चलन खरं होतं, विवरणपत्रही भरलेलं होतं. शेवटी त्याच्याकडून 16ए मागवला, आणि त्यावरचा पॅन बघून बाई काही वेळ बोलल्याच नाहीत. तो सरांचा, म्हणजे बाईंच्या यजमानांचा होता. सर जाऊन चार वर्षं झाली. गाळ्याचा पहिला करार त्यांच्या नावावर होता, आणि नव्या हिशेबनिसाने जुनी फाइल उघडून पॅन उतरवला होता.

ही चूक मालकाला दुरुस्त करता येत नाही. आयकर खात्यालाही तुमच्या विनंतीवरून करता येत नाही. कर कापणाऱ्यानेच ट्रेसेसवर दुरुस्ती विवरणपत्र भरून पॅन बदलायचा असतो. या वेळी संचालकांनी "सीए बघतायत" म्हटलं नाही. फेब्रुवारीत दुरुस्ती झाली. सुधारित विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबरलाच संपली होती, पण त्याची गरज नव्हती. उत्पन्न पूर्ण दाखवलेलं होतं, श्रेयही पूर्ण मागितलेलं होतं. फक्त नोंद उशिरा आली. संकेतस्थळावर दुरुस्तीच्या विनंतीत "टॅक्स क्रेडिट मिसमॅच"चा पर्याय निवडून अर्ज केला. त्याला आदेशाचं आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई नव्हती. मार्चमध्ये मागणी शून्य झाल्याचा ईमेल आला.

बाईंनी तोही छापून आणला. मागे वहीचं नवं पान जोडलेलं होतं: महिना, भाडं, कपात, जमा, आणि पाचवा रकाना "26एएसमध्ये दिसले का". डावीकडे सरांचा पॅन लिहून त्यावर लाल पेनाने काट मारलेली, खाली त्यांचा स्वतःचा. "याची झेरॉक्स काढून क्लासमध्ये दे," म्हणाल्या, "त्यांच्या फाइलला लावायला सांग. वरच्या बाजूला."